नवीन .३१५ ची बॅरल 'ब्रेक-इन' करावी का? काडतुसं मोजकी आहेत

बालाघाटी

राम राम मंडळी. वडील गेल्यावर त्यांचा शस्त्र परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. त्यांची एकनळी बारा बोअर फार जुनी झाली होती, ती डीलरकडे देऊन ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल घेतली. नवी कोरी, आतून-बाहेरून ग्रीसमध्ये माखलेली. परवान्यावर नोंद झाली, ठाण्यात दाखवून झाली. शेत अंबाजोगाईच्या पुढे डोंगराच्या कडेला आहे, हे सांगितलं की रायफल कशाला हे वेगळं सांगायला नको.

आता घोडं अडलंय ते नळीपाशी. इंग्रजीत वाचलं की नवीन बॅरल आधी 'ब्रेक-इन' करावी लागते. एक गोळी झाडायची, नळी पूर्ण साफ करायची, पुन्हा एक गोळी, पुन्हा सफाई. पहिल्या पाच-दहा गोळ्या अशा. मग तीन-तीन गोळ्यांनंतर सफाई, मग पाच-पाच. कुणी वीस गोळ्यांत आटपतं, कुणी पन्नासच्या पुढे नेतं. नाही केलं तर नळीत तांबं धरतं आणि रायफल कायमची ग्रुप द्यायची, म्हणजे गोळ्या जवळजवळ पाडायची, बंद होते म्हणे.

तिकडं ठीक आहे, हजार काडतुसांचा डबा घरपोच येतो. माझ्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती हे लिहिलेलं आहे, तेही डीलरकडे माल असेल तर. निम्मी काडतुसं नळीचे लाड करण्यात गेली तर झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवणं, कशावर करू?

दुसरं, शेतात बांधाकडे तोंड करून चार बार काढले तर चालतं का?

सुभेदार_हिंगोली

अभिनंदन. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालत नाही. शेत तुमचं असलं तरी ती रेंज नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या कलम २५ मध्ये पोटकलम ९ आलंय. निष्काळजीपणे किंवा हर्षाच्या भरात बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि बांध म्हणजे फायरिंग बट (गोळी अडवणारा मातीचा ढिगारा) नव्हे. बांधात दगड असतात, त्यावर लागून गोळी कुठं जाईल याचा भरवसा नाही. ज्या रायफल क्लबाला मोठ्या बोअरची परवानगी आहे तिथं लेखी विचारा आणि तिथंच झाडा.

पहिल्या प्रश्नाबद्दल. पलटणीत नवीन रायफल आली की आर्मोरर (शस्त्रांची देखभाल करणारा) ग्रीस काढायचा, गेज लावून बघायचा, मग झिरोइंग. ब्रेक-इन हा शब्द मी नोकरीत ऐकला नाही. सफाई मात्र अशी की विचारू नका. फायर झाल्यावर त्याच दिवशी, आणि पुढचे काही दिवस रोज, पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी. चिंदी पांढरी निघेपर्यंत उस्ताद सोडत नसे.

ईरसाल_परभणी

आमच्या इकडं बंदूक आणली की नारळ फोडायचा, हळद-कुंकू लावायचं, झालं ब्रेक-इन. काहून एवढा कुटाणा करायलेत?

टेक्सासचा_नांदेडकर

ईरसालभाऊ :) पण धागाकर्त्याचा प्रश्न खरा आहे. मी इथे लांब पल्ल्याच्या स्पर्धांना जातो, ६.५ क्रीडमूर (लांब पल्ल्याचं जोरकस काडतूस) वापरतो. माझं मत: करावं, पण थोडक्यात.

कारण सांगतो. क्रीगरसारखे नामांकित बॅरलवाले नळी आतून हाताने लॅप करतात, म्हणजे नळीतली घासाई गोळीच्या वाटेच्या दिशेनेच झालेली असते. पण त्यानंतर चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रीमर नावाच्या हत्याराने कापला जातो. चेंबरच्या पुढे जिथे रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तो भाग, ज्याला थ्रोट म्हणतात, तिथे रीमरच्या बारीक रेघा राहतात आणि त्या गोळीच्या वाटेला आडव्या असतात. गोळीचं तांब्याचं जॅकेट त्यावरून खरवडून जातं, ते तांबं गरम वायूत मिसळतं आणि पुढे नळीत जाऊन बसतं. पुढच्या गोळीने त्यावर अजून थर. मध्ये मध्ये साफ केलं की थ्रोट उघडा राहतो आणि गोळ्यांनीच घासून गुळगुळीत होतो. बॅरलवाल्यांचं म्हणणंही एवढंच आहे. ते स्वतःच सांगतात की नळीनळीत फरक असतो, चिंदीवर तांबं यायचं थांबलं की तुम्हीही थांबा.

रीमर

नांदेडकरांनी सिद्धांत चांगला मांडला. आता मी जरा त्यात आडवा येतो, नावच तसं घेतलंय.

वाळूजला मशीन शॉपमध्ये इतकी वर्षं काढली. रीमिंग, होनिंग, लॅपिंग हे आमचं रोजचं जेवण. क्लबातही जातो. आडव्या रेघांची गोष्ट खरी आहे, बोअरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) घातला तर नव्या नळीच्या थ्रोटमध्ये त्या स्पष्ट दिसतात आणि थोड्या गोळ्यांनंतर बोथट झालेल्याही दिसतात. प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा की मध्ये चिंदी फिरवल्याने त्या लवकर बोथट होतात का? की गोळ्या झाडल्या म्हणून त्या आपोआपच होणार होत्या? थ्रोटमध्ये जे तापमान आणि जो दाब असतो त्यापुढे माझी-तुमची चिंदी काय करणार.

लोक नव्या ट्रॅक्टरच्या रनिंग-इनचा दाखला देतात. तो इथे लागू पडत नाही. इंजिनात तीच रिंग त्याच सिलिंडरवर लाखो वेळा घासते, दोघं एकमेकांना बसतात. नळीत दरवेळी नवी गोळी येते आणि निघून जाते. बसायला दुसरा भाग आहेच कुठे?

आणि सिद्ध करायचं म्हटलं तर घोळ असा: एकाच नळीवर 'ब्रेक-इन केलं' आणि 'नाही केलं' हे दोन्ही करता येत नाही. दोन नळ्या घेतल्या तर त्या सारख्या नसतात. म्हणून प्रत्येक जण आपली रायफल चांगली चालली की श्रेय ब्रेक-इनला देतो, आणि नाही चालली की दोष दस्त्याच्या लाकडाला.

अमेरिकेतच गेल मॅकमिलन नावाचे मोठे बॅरल बनवणारे होते. त्यांनी या प्रकाराला उघड विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, हे खूळ एका बॅरलवाल्याने सुरू केलं, कारण नळीचं आयुष्य ठरावीक गोळ्यांचं असतं. त्यातल्या काही गोळ्या ब्रेक-इनमध्ये गेल्या की नवीन बॅरलचं गिऱ्हाईक तेवढं लवकर येतं. हेतूबद्दल ते बरोबर होते की नाही हे सोडून द्या, गोळ्यांचा हिशेब तर चुकीचा नाही.

आता बालाघाटी यांच्या रायफलपुरतं. तुम्ही जिला नवी कोरी म्हणता तिच्यातून पहिली गोळी आधीच गेलेली आहे. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक रायफलवर नेहमीपेक्षा जास्त दाबाचं प्रूफ काडतूस झाडतात, त्याचा ठसा बॅरलवर असतो, शोधा. तेव्हा 'पहिल्या गोळीपासून सफाई' हे व्रत तुमच्या हातात येण्याआधीच मोडलेलं आहे.

शिवाय .३१५ हे काही क्रीडमूर नव्हे. आपल्याकडे मिळणारी २४४ ग्रेनची सॉफ्ट नोज (मऊ टोकाची) गोळी सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास निघते. नांदेडकरांची क्रीडमूर त्याहून कितीतरी जोरात. वेग आणि दाब कमी म्हणजे तांबं धरणंही कमी.

टेक्सासचा_नांदेडकर

हिशेबाचं पटलं. माझी नळी दोन-अडीच हजार गोळ्यांत उतरणीला लागते, .३०८ ची साधारण पाच हजारांपर्यंत टिकते. त्यात वीस गोळ्या म्हणजे काहीच नाही, आणि त्या मी नाहीतरी झिरोसाठी झाडणारच असतो.

एक मात्र मोजून दिसतं. नव्या नळीत सुरुवातीच्या शंभर-दीडशे गोळ्यांपर्यंत वेग हळूहळू वाढतो आणि मग स्थिरावतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) इथे अनेकांना हे दिसतं. म्हणजे नळीत काहीतरी बदलत असतं हे नक्की. ते सफाईमुळे बदलतं असं मी म्हणत नाहीये.

रीमर

मग आपलं भांडण मिटलं की.

ईरसाल_परभणी

मिटवू नका, आत्ताच तर रंग भरायलाय.

मह्या आज्याकडं निजामाच्या काळातली दुनळी होती. परवाना उर्दूत, गावात वाचता येणारा एकच मास्तर. आजा रंगून तेल लावायचा आणि धोतराच्या फडक्यानं पुसायचा. त्याची नळी कधी ब्रेक-इन झाली न्हाई, पण तितर काही चुकला न्हाई. आणि बालाघाटी, रोह्याला (नीलगायीला) ग्रुप कळत न्हाई, त्याला नुसता आवाज पुरतो.

संपादक

वर रोह्याचा उल्लेख आलाय म्हणून. रोही आणि रानडुक्कर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे वेगळा अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी लागते. या धाग्यावर शिकारीची चर्चा नको. काडतुसांच्या देवाणघेवाणीचीही नको, तसे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

सुभेदार_हिंगोली

ईरसाल, आजोबांच्या दुनळीला रायफलिंगच नव्हतं. बारा बोअरची नळी आतून सपाट. तिथं छर्रे जातात, तेही काडतुसातल्या वॅडच्या (बुचाच्या) आडोशाने. तिला ब्रेक-इन कसलं करणार. ज्यांच्याकडे बारा बोअर आहे त्यांनी या धाग्याचा ताप करून घेऊ नये, फक्त नळीत शिसं आणि प्लास्टिक चिकटतं ते काढत जावं.

दिठी

धाग्याचं शीर्षक बघून डोकावले. मी .२२ वाली, छत्रपती संभाजीनगरला मुलांना शिकवते. रीमरदादांशी सहमत, पण एक मुद्दा दोघांनीही हातचा सोडलाय.

नळ्या गोळ्यांनी खराब होतात त्यापेक्षा जास्त सफाईने खराब होतात. ब्रेक-इनच्या नावाखाली एकाच दिवशी पंधरा-वीस वेळा रॉड आत-बाहेर करायचा आणि तो रॉड तीन तुकडे जोडलेला, पोलादी, मधून वाकलेला असेल, तर तुम्ही रायफलिंग घासताय. जोडाची कडा दर फेरीला नळीच्या भिंतीला लागते. त्यात तोंडाकडून साफ केलं तर क्राऊन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, एका बाजूने झिजते. गोळीला नळी शेवटची तिथेच सोडते. कड एका बाजूने गेली की वायू एका बाजूने आधी सुटतो, गोळीला धक्का बसतो आणि ग्रुप गेला. आडव्या रेघांनी जे नुकसान झालं नसतं ते रॉडने होतं.

म्हणून एकसंध, वरून प्लास्टिकचं आवरण असलेला रॉड घ्या. मागून, चेंबरच्या बाजूने घाला. बोअर गाईड (रॉड सरळ ठेवणारी नळी) मिळाला तर उत्तमच. चिंदी एका दिशेने ढकला, तोंडातून बाहेर पडली की काढून टाका, तीच परत आत ओढू नका.

बालाघाटी

ताई, मागून घालायचा म्हणजे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढावा लागेल. ती रायफल ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलीच्या धर्तीची आहे, मला जरा भीती वाटते.

सुभेदार_हिंगोली

भिण्यासारखं काही नाही. मॅगझिन काढा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. बोल्ट पूर्ण मागे ओढा. बोल्टचं डोकं उजव्या अंगाला खाचेत अडकलेलं असतं, ते वरच्या बाजूला फिरवून सोडवा, बोल्ट मागून निघून येतो. परत घालताना डोकं बोल्टवर पूर्ण आवळलेलं आहे ना बघा. आणि कुणा मित्राचीही तशीच रायफल असली तरी बोल्टची अदलाबदल कधीच नाही. बोल्ट त्या-त्या रायफलला बसवलेला असतो.

मांजराकाठ

मध्येच घुसतो, माफ करा. लातूरहून. मुलगी अकरावीत आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेंना ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळालं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता एअर रायफलवरून .२२ वर यायचं चाललंय, सध्या क्लबच्या रायफलवर. पुढेमागे स्वतःची घेतली तर .२२ लाही हे सगळं करावं लागतं का?

दिठी

दादा, .२२ चं गणितच वेगळं. तिची गोळी शिशाची, वरून मेणासारखं किंवा ग्रीससारखं वंगण, तांब्याचं जॅकेट नसतं. मॅचची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असतात, दाबही मोठ्या रायफलच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे तांबं धरण्याचा प्रश्नच नाही. चांगल्या मॅच रायफलची नळी कारखान्यातूनच लॅप होऊन येते.

उलट .२२ मध्ये नळी फार साफ असली तर त्रास होतो. सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, वंगणाचा पातळ थर बसला की ग्रुप परत आवळतो. म्हणून माझी मुलं मॅचच्या आदल्या दिवशी नळीला हात लावत नाहीत आणि सफाईनंतर साइटरच्या (मॅचआधीच्या चाचणीच्या) गोळ्या जास्त टाकतात. एका गोष्टीवर लक्ष ठेवा: चेंबरच्या अगदी पुढे काजळी आणि शिशाचा घट्ट कडा जमतो. तो अधूनमधून काढावाच लागतो, नाहीतर काडतूस आत बसताना अडतं.

पैसा आणि वेळ घालवायचाच असेल तर काडतुसांचे लॉट तपासण्यात घालवा. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, फक्त लॉट नंबर वेगळा, आणि ५० मीटरवर ग्रुपमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस वापरणारे सगळे मोठे नेमबाज हे करतात. आपल्याकडे निवडीला वाव कमी, तरी क्लबमध्ये दोन लॉट आले तर मुलीला दोन्हींवर कागद काढू द्या.

एअर रायफलला तर काहीच नको. .१७७ ची शिशाची पेलेट. स्प्रिंगच्या नव्या एअर रायफलमध्ये कारखान्याचं तेल जळून सुरुवातीला धूर आणि जोराचा आवाज येतो, तो पेलेटगणिक कमी होत जातो. नळीत वरून तेल घालू नका, म्हणजे झालं.

मांजराकाठ

ताई, खूप आभार. हे तिला वाचून दाखवतो. म्हणजे ती मलाच समजावून सांगेल.

अजिंठा_एक्स्प्रेस

एक शंका. एके-४७ वगैरेला ब्रेक-इन का लागत नाही?

रीमर

त्या नळीला आतून कडक क्रोमचा मुलामा असतो. चिंदीने किंवा गोळीने तो 'बसवायचा' म्हटलं तरी बसणार नाही. नायट्राइड केलेल्या नळ्यांचंही तेच. हे सगळं साध्या क्रोम-मॉली पोलादाच्या आणि स्टेनलेसच्या नळ्यांबद्दल चाललंय.

बालाघाटी

आता कामाचं विचारतो. ग्रीस कशाने काढू? आणि तांबं आलंय की नाही हे बिना-बोअरस्कोपचं कसं ओळखायचं? गावाकडे माझ्याकडे टॉर्च आहे आणि चष्मा आहे.

सुभेदार_हिंगोली

ग्रीसला आम्ही रॉकेल वापरायचो. आता रेशनचं रॉकेल इतिहासजमा झालं, डिझेल चालेल. बोल्टच्या आतल्या भागातलंही काढा, नाहीतर थंडीत फायरिंग पिन जड पडते. नळीत ग्रीस ठेवून पहिला बार काढायचा नाही, ही पक्की गाठ मारा. ग्रीसचा गोळा म्हणजे नळीतला अडथळा, दाब कुठल्या कुठे जातो.

तांब्याला आम्ही ब्रासो लावायचो. चिंदी काळी-हिरवी निघते.

रीमर

सुभेदार साहेब, आपला मान ठेवून सांगतो, ब्रासो नळीत नको. त्यात घासणारी भुकटी असते. पितळेच्या बक्कलला ठीक. थ्रोटमध्ये महिन्यातून एकदा भुकटी घासणं म्हणजे आपणच झीज मागवणं.

अमोनिया असलेलं कॉपर सॉल्व्हंट डीलरकडे किंवा शहरातल्या क्लबमध्ये मिळतं. आधी साध्या बोअर क्लीनरने काजळी काढायची, कारण काजळीखाली दडलेल्या तांब्यापर्यंत सॉल्व्हंट पोहोचत नाही. मग सॉल्व्हंटची ओली चिंदी फिरवून दहा मिनिटं थांबायचं. कोरडी चिंदी निळी निघाली तर तांबं आहे. पण ब्राँझचा ब्रश वापरला असेल तर ब्रशचंच तांबं विरघळून निळं येतं, आणि माणूस बिचारा नळी घासत बसतो. या कामाला नायलॉनचा ब्रश. आणि बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ अमोनिया नळीत ठेवायचा नाही, रात्रभर तर अजिबात नाही. शेवटी पुसून, कोरडं करून तेल.

टॉर्चनं बघायचं तर रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, नळीच्या तोंडाशी तिरपा उजेड टाका. उंच भागांवर नारिंगी पट्टे दिसतात ते तांबं. थोडे असणारच. चष्म्याला न दिसणारं तांबं काढायच्या मागे लागू नका.

सुभेदार_हिंगोली

मान्य. सरकारी रायफल आणि स्वतःच्या पैशाची रायफल यात एवढा फरक राहणारच.

जुन्या लोकांसाठी अजून एक. नळीत गरम पाणी ओतायची पद्धत आमच्या उस्तादांच्या पिढीत होती, .३०३ च्या काळातली. तेव्हाच्या काडतुसाच्या टोपीतल्या (प्रायमरच्या) मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचं जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. हवेतली ओल खेचतं आणि नळी गंजवतं. तेलात हे मीठ विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. जुन्या साठ्यातली काडतुसं कुणी झाडली असतील तर आजही उकळतं पाणी हाच उपाय. मग गरम नळी लगेच कोरडी करून तेल.

टेक्सासचा_नांदेडकर

अवांतर: .३१५ ची काडतुसं मूळची ऑस्ट्रियाची, ८ बाय ५० मॅनलिखर. इंग्रजांनी लष्करी .३०३ सामान्य लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून हिंदुस्थानात शिकारीच्या रायफलींना हा बोअर चालू दिला. ऑस्ट्रियात ते कधीच मागे पडलं, आपल्याकडे अजून चालू आहे.

रीमर

आणि काडतूस पुण्याच्या खडकीचं. बुडावर 'केएफ' असतं ते किरकी फॅक्टरीचं.

बालाघाटी, मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते लिहितो, मग गप्प बसतो. ग्रीस नीट काढायचं. क्लबात सकाळी लवकर जायचं. मे महिन्यात आपल्याकडे दहा वाजता नळी हाताला लावली तरी न झाडता गरम लागते आणि तापल्या नळीवरून निघणाऱ्या झळांनी माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंटा) नाचायला लागते. पहिल्या दोन-चार गोळ्या फक्त काडतूस नीट आत जातंय का, रिकामं नीट निघतंय का, त्यावर काही चिरा-फुगवटा आहे का हे बघण्यासाठी. मग एकदा सफाई, चिंदी बघायची. मग तीन-तीनचे ग्रुप घेत झिरो, प्रत्येक ग्रुपनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी गार होऊ द्यायची. झिरो झाला की दुसरी सफाई. बस्स. नांदेडकरांचं समाधान झालं, माझंही झालं आणि एकही काडतूस फुकट गेलं नाही. नाहीतर ते एक-एक गोळीला सफाई म्हणजे नमनालाच घडाभर तेल.

कागद फेकू नका. तारीख, काडतुसाचा लॉट, सफाईनंतरची कितवी गोळी कुठे लागली हे त्यावरच लिहून ठेवा. तेल पुसलेल्या थंड नळीची पहिली गोळी बहुतेक वेळा बाकीच्यांपासून जरा बाजूला जाते. तुमची किती आणि कुठे जाते हे कळलं पाहिजे. शेतावर वेळ आली तर तीच एक गोळी मोजली जाणार.

दिठी

+१. आणि रिकामी काडतुसं जपून ठेवा, काही ठिकाणी नवीन देताना हिशेब विचारतात.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. क्लबची लेखी परवानगी आली, जाऊन आलो. रीमरदादांच्या पद्धतीनेच केलं. पहिल्या सफाईला चिंदी फिकट निळी होती, झिरोनंतरच्या सफाईला त्याहून फिकट. ग्रुप माझ्या हाताच्या मानाने चांगला आला. माशी थोडी सरकवावी लागली, ते काम क्लबच्या आर्मोररने केलं.

टेक्सासचा_नांदेडकर

बघा, दुसऱ्यांदा फिकट! थ्रोट बसायला लागला.

रीमर

किंवा पहिल्या खेपेला प्रूफच्या गोळीचं जुनं तांबंही त्यात निघालं. यातून काहीच सिद्ध होत नाही, हेच तर मी म्हणतोय.

ईरसाल_परभणी

चला, पुन्हा सुरू झालं. च्या मागवा.

सुभेदार_हिंगोली

बालाघाटी, एक राहिलं होतं आणि ते ब्रेक-इनपेक्षा महत्त्वाचं आहे. झाडायला जाताना नळी आणि चेंबर दोन्ही कोरड्या चिंदीने पुसून घ्यायचे. चेंबरमध्ये तेल असलं की पितळी खोळ भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागे बोल्टवर येतो. ली-एनफिल्डच्या बोल्टचे अडकणारे दात (लग) मागच्या बाजूला असतात, त्यामुळे तो धक्का बोल्टच्या पूर्ण लांबीला सोसावा लागतो. पावसात ओलं झालेलं काडतूसही पुसल्याशिवाय घालू नका.

बालाघाटी

हे माहीत नव्हतं साहेब. तेल लावून ठेवली की सुरक्षित असंच डोक्यात होतं. मग पावसाळ्यात ठेवायची कशी? आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा?

ईरसाल_परभणी

ते तर विचारूच नका. आमची बारा बोअर गेल्या इलेक्शनला जमा केली, परत आली तर नळीवर तांबूस रांगोळी. तिथं कुणाकुणाच्या बंदुकीला तेल लावत बसतील ते बिचारे.

सुभेदार_हिंगोली

जमा करायच्या आदल्या दिवशी आतून-बाहेरून घट्ट तेलाचा हात द्या, नळीत तेलाची चिंदी फिरवा, पण चिंदी आत सोडू नका. ती विसरून कुणी बार काढला तर नळी फुटते. पावतीवर शस्त्राचा नंबर आणि स्थिती लिहून घ्या. परत आल्यावर त्याच दिवशी उघडून पुसा.

घरी ठेवताना चामड्याच्या खोळीत ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलाद खातात. कपाटात उभी, नळीचं तोंड खाली करून ठेवलीत तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. कुलूप आणि काडतुसं वेगळ्या जागी, हे सांगायला नकोच.

मांजराकाठ

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर?

रीमर

चालतात, फक्त त्या एकदाच्या ठेवून विसरायच्या नाहीत. निळ्या दाण्यांच्या घ्या, ओल शोषून गुलाबी झाल्या की काम संपलं असं समजायचं. मंद आचेवर गरम केल्या की पुन्हा निळ्या होतात. पण त्यासाठी जुना पत्रा वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा तवा नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.